एस्प्रेसो मशीन, उद्यमनगर आणि हरवलेलं 'फुस्स'

गेले अकरा दिवस घरी पुन्हा धड कॉफी होतेय. ज्या गाळ्यामुळे होतेय, त्याबद्दल लिहायचं ठरवलं, कारण दाबानं कॉफी काढणारं एस्प्रेसो मशीन घरी असलेली आणि बिघडल्यावर कुठं न्यावं ते न कळणारी माणसं कोल्हापुरात, सांगलीत, इचलकरंजीत आता बरीच आहेत. गाळा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. पाटीवर फक्त 'मोटर रिवायंडिंग' लिहिलंय. माझं मशीन समोर येईपर्यंत तिथल्या मिस्त्रींनी एस्प्रेसो मशीन आतून कधी पाहिलेलं नव्हतं.

मशीन २०१९ च्या दिवाळीतलं. इटालियन बनावटीचं, एक बॉयलर, ५८ मिलीमीटरचा पोर्टाफिल्टर (कॉफीची पूड भरायची दांड्याची गाळणी), थरथरणारा छोटा पंप आणि पाण्याची वाट बदलणारा सोलेनॉइड व्हॉल्व. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. पहिला तास सकाळी सव्वासातला असतो, त्यामुळे साडेपाचला मशीन चालू होतं. चिकमगळूरच्या बिया, १८ ग्रॅम पूड, साधारण २८ सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं.

या फेब्रुवारीपासून वेळ वाढायला लागला. २८ चे ३५ झाले, मग ४५. दळण बारीक झालं असेल म्हणून ग्राइंडर दोन खाचा जाड केला. चार दिवस बरे गेले आणि परत तेच. शेवटी पोर्टाफिल्टर न लावता नुसतं पाणी सोडून पाहिलं, तर धार येण्याऐवजी थेंब पडत होते. म्हणजे दोष दळणात नव्हता. क्षार साचले असणार म्हणून लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ते मशीनमधून फिरवलं, वीस मिनिटं मुरू दिलं, दोनदा साध्या पाण्यानं धुतलं. त्यानंतर थेंबही थांबले. पंप मात्र जोरात गुरगुरत होता.

अधिकृत सर्व्हिसला फोन केला. पलीकडच्या मुलानं व्हिडिओ मागवला आणि तो पाहून सांगितलं, की पंप गेलाय, बॉयलरही क्षारांनी भरलाय, दोन्ही बदलावं लागेल. मशीन मुंबईला पाठवा, ११,४०० रुपये अधिक कुरिअर, तीन-चार आठवडे. मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. पाणी स्टीमच्या नळीतून येतं का, बिघाड एकदम झाला की हळूहळू, ॲसिडच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, काहीच नाही. पेशंटची नाडीही न बघता ऑपरेशन सांगितल्यासारखं वाटलं.

आमच्या लॅब असिस्टंटनं उद्यमनगरचं नाव काढलं. प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम पंप हेच मिस्त्री दुरुस्त करतात. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मशीन चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन गेले. गाळा दहा बाय वीसचा असेल. एका भिंतीला तांब्याच्या तारेची बंडलं, दुसऱ्या भिंतीला विहिरीवरच्या मोटारींचे सांगाडे, दारात एक लेथ. मिस्त्री साठीच्या पुढचे, चष्मा दोरीनं गळ्यात.

"काय वं मॅडम, हे काय आणलंसा?"

कॉफीचं मशीन म्हटल्यावर ते हसले नाहीत की 'हे आपल्याकडं होत न्हाई' असंही म्हणाले नाहीत. पाण्याची टाकी भरून आणायला पोराला पाठवलं आणि मला म्हणाले, "आधी सांगा, चांगलं असताना ह्याचा आवाज कसा यायचा? चालू करताना, चालताना, आणि बंद केल्यावर?"

या प्रश्नासाठी मी या गाळ्याला पाच तारे द्यायला तयार आहे. उत्तर देता देता माझ्या लक्षात आलं, की कॉफी झाल्यावर बटण बंद केलं की मशीन खालच्या ट्रेमध्ये 'फुस्स' करून थोडं पाणी सोडायचं, ते कितीतरी महिने ऐकलेलंच नाही. पोर्टाफिल्टरमधला चोथाही पूर्वी कोरड्या वडीसारखा पडायचा, तो अलीकडे चिखलासारखा निघत होता. हे मी रोज बघत होते, पण कोणी विचारलं नव्हतं म्हणून बोलले नव्हते.

मिस्त्रींनी मशीन चालू केलं आणि पंपाकडे न बघता टाकीत बघितलं. टाकीत सिलिकॉनच्या दोन नळ्या सोडलेल्या असतात. एकीतून पंप पाणी ओढतो. दुसरी मी इतकी वर्षं पाहिली होती, पण ती कशासाठी आहे याचा विचार केला नव्हता. त्या दुसऱ्या नळीतून पाण्याची जोरदार चिळकांडी परत टाकीत पडत होती. मिस्त्रींनी तिथं बोट धरलं. "मॅडम, पंप मेलेला न्हाई. ढकलतोय की चांगला. फुडं वाट न्हाई म्हणून पाणी माघारी येतंय."

हा पंप म्हणजे एक कॉइल, तिच्या आत मागेपुढे होणारा दट्ट्या आणि एक स्प्रिंग. वाटेत एक डायोड असतो, तो विजेच्या लाटेचा अर्धाच भाग जाऊ देतो. त्या अर्ध्या भागात दट्ट्या खेचला जातो, उरलेल्या अर्ध्यात स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ५० फेऱ्या. गुरगुर ऐकू येते ती याचीच. असा पंप १५ बारपर्यंत जोर लावू शकतो, पण कॉफीला लागतो साधारण ९ बार, म्हणजे ९० मीटर उंचावर टाकी ठेवली तर खालच्या नळाला जेवढा दाब येईल तेवढा. जास्तीच्या दाबाला वाट देणारा एक व्हॉल्व असतो आणि तो पाणी परत टाकीत सोडतो. डायोड मी दरवर्षी बारावीला शिकवते, पण तो माझ्या ओट्यावर रोज पहाटे काम करतोय हे त्या दिवशी मिस्त्रींच्या बोटामागे बघताना खऱ्या अर्थानं कळलं.

मग त्यांनी स्टीमची चावी उघडली. बाजूच्या नळीतून भरदार धार आली आणि टाकीत परत येणारी चिळकांडी थांबली. पंप चांगला, बॉयलरपर्यंतची वाट मोकळी, बॉयलरही तुंबलेला नाही. उरला फक्त बॉयलर आणि ग्रुप (पोर्टाफिल्टर जिथं अडकवतात तो भाग) यांच्यामधला सोलेनॉइड व्हॉल्व. या सगळ्याला पाच मिनिटं लागली आणि एकही स्क्रू काढला नव्हता.

मशीन बंद करून प्लग काढला, चावी उघडून आतला दाब सोडला, थंड व्हायला तासभर ठेवलं. ही शिस्त पाहून बरं वाटलं. व्हॉल्वच्या कॉइलला मल्टिमीटर लावला, पुन्हा वीज देऊन स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉइलजवळ नेलं, ते टचकन खेचलं गेलं. "कॉइल जिवंत हाय." मग प्लग परत काढून व्हॉल्व उतरवला. त्याच्या तळाशी पाणी जायचं भोक उदबत्तीच्या काडीएवढं असेल. त्यात एक पांढरी खपली अडकली होती. मिस्त्रींनी ती टाचणीनं काढून माझ्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या कणीएवढी, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खरबरीत. गुळगुळीत बाजू बॉयलरच्या भिंतीची. माझ्या ॲसिडनं थर सुटला, पण पूर्ण विरघळला नाही, आणि सुटलेला तुकडा नेमका त्या भोकात जाऊन बसला. ॲसिडनंतर थेंबही का थांबले, त्याचं उत्तर माझ्या हातात होतं.

ट्रेकडे जाणाऱ्या वाटेत कॉफीचा तपकिरी गाळ घट्ट बसला होता. 'फुस्स' तिथं हरवलं होतं. कॉफी झाल्यावर हा व्हॉल्व पोर्टाफिल्टरमधला दाब ट्रेकडे सोडतो, म्हणून चोथा कोरडा पडतो. ती वाट बंद झाली, की दाब आणि पाणी चोथ्यातच राहतं. भोकं नसलेली 'आंधळी' जाळी लावून, साफ करायची पावडर घालून उलट धुण्याचं काम मी महिन्यातून एकदा करायला हवं होतं. मी ते वर्षातून दोनदा करत होते.

ग्रुपचं गॅस्केटही, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, दगडासारखं कडक झालं होतं. त्यात दोन लाकडी स्क्रू आवळून, पकडीनं ओढून ते तुकड्यातुकड्यानं काढलं. नवीन गॅस्केट लेथवर कापून द्याल का, असं मीच विचारलं, रबराची चादर समोरच पडली होती. मिस्त्री नको म्हणाले. "हे मोटारीचं रबर. गरम पाणी ह्यातनं जाऊन पोटात जाणार. तुम्ही खाण्याच्या कामाचं मागवा, मी बसवून देतो." दोनशे रुपये सहज घेता आले असते. मी सिलिकॉनचं गॅस्केट मागवलं, ३८० रुपयांना. मजुरी ४५० रुपये झाली. एकूण ८३०.

आता न पटलेल्या गोष्टी. तीन दिवस सांगितले होते, नऊ लागले. उसाच्या पट्ट्यातल्या मोटारी मध्ये आल्या की कॉफीचं मशीन मागे पडतं, आणि विहिरीवरची मोटार बंद असलेल्या शेतकऱ्याचं काम आधी व्हावं हे मलाही मान्य आहे, पण मग सुरुवातीलाच दहा दिवस सांगावेत. पावती मिळत नाही. घरी आणल्यावर मागच्या बाजूनं पाणी गळू लागलं, परतीच्या नळीची क्लिप बसवायची राहिली होती. परत नेलं तर मिस्त्रींनी स्वतः उठून दोन मिनिटांत ती बसवली आणि पैशाचं नाव काढलं नाही. पोराला मात्र सगळ्यांसमोर बोलले, ते मला आवडलं नाही.

मुळातला दोष पाण्याचा होता. जुलै २०२१ च्या महापुरात शिंगणापूरच्या केंद्रातला पाण्याचा उपसा बंद पडून शहराचे नळ कोरडे होते, तेव्हा आमच्या अपार्टमेंटनं बोअर जोडून घेतली. तेच पाणी आजही अधूनमधून टाकीत येतं. मीटरवर ते ६४० टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) दाखवतं. असं पाणी तापलं, की त्यातला विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन भिंतीला चिकटतो, खपली तीच. नुसतं आरओचं पाणी घालावं तर कॉफी मिळमिळीत लागते. आता मी आरओच्या चार भांड्यांत नळाचं एक भांडं मिसळते आणि मीटर १५० च्या आसपास ठेवते. नळाला बोअर आहे की नदी, ते रोज बघावं लागतं, पण दहा सेकंदांचं काम आहे.

बाबूराव पेंटरांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला तो याच गावात. न पाहिलेलं यंत्र उघडून बघायची, ते काय करू पाहतंय हे समजून घ्यायची सवय इथं अजून शिल्लक आहे, आणि ती या गाळ्यात पैशांनी विकत मिळते याचा मला फार आनंद झाला. इलेक्ट्रॉनिक बोर्डवाली, स्क्रीनवाली मशीन मात्र इथं नेऊ नका. मिस्त्री स्वतःच सांगतात, की सर्किट त्यांचं काम नाही. पंप, व्हॉल्व, कॉइल, गळती, कडक झालेली रबरं यांसाठी बिनधास्त जा.

सोमवारी गाळा बंद असतो. मशीनबरोबर पाण्याची टाकी आणि पोर्टाफिल्टर न विसरता न्या, घरचं पाणी एका बाटलीत न्या, आणि जायच्या आदल्या दिवशी मशीन चालू करून त्याचे आवाज नीट ऐकून ठेवा. पहिला प्रश्न त्यावरच येतो.