कॅरी: सौद्यागणिक की अख्ख्या फंडावर?

न्यूयॉर्कमधल्या भाच्यापुढे प्रायव्हेट इक्विटीतल्या, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशाच्या फंडातून कंपन्या घेऊन पुढे विकणाऱ्या फर्मच्या, दोन ऑफर आहेत. कॅरी, म्हणजे नफ्यातून फंड चालवणाऱ्यांना मिळणारा हिस्सा, दोन्हीकडे नेहमीचा २० टक्के, त्यात त्याचा लहानसा वाटा. फरक वाटपात आहे: एकीकडे प्रत्येक सौद्याचा हिशोब वेगळा, दुसरीकडे अख्ख्या फंडाचा एकत्र.

पैसा कधी? सौद्यागणिक असेल तर पहिली कंपनी नफ्यात विकली की लगेच. अख्ख्या फंडावर असेल तर आधी गुंतवणूकदारांचं सगळं मुद्दल, वर बहुधा वर्षाला ८ टक्के; पाळी यायला सात-आठ वर्षंही लागतात.

परतफेड? खरी गोम इथे. पहिल्या सौद्यात १० कोटी डॉलर नफा, २ कोटी कॅरी वाटला. दुसऱ्यात १० कोटी बुडाले, की क्लॉबॅक: ते २ कोटी परत करा, फार तर भरलेला कर वजा करून. तोवर त्यातून घर घेतलेलं असतं! अख्ख्या फंडात ही वेळ क्वचित.

वेस्टिंगआधी, म्हणजे कॅरीवरचा हक्क पक्का होण्याआधी, नोकरी सोडली तर दोन्हीकडे पाणी सोडायचं.

रोकड लवकर हवी आणि थोडी बाजूला ठेवायची शिस्त असेल, तर सौद्यागणिक. पगार-बोनसवर घर चालतंय, दहा वर्षं टिकायची तयारी आहे, त्याने अख्खा फंड घ्यावा.