किडनीच्या ‘जडीबुटी’ने आईचं क्रिएटिनिन दुप्पट केलं

आईला मधुमेह आणि रक्तदाब जुनाच. तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ घटक, किडनी नीट गाळेनाशी झाली की वाढतो) १.९ आलं, लघवीतून प्रथिनं जाताना दिसली आणि किडनीच्या डॉक्टरांनी औषधं बांधून दिली. डायलिसिसची वेळ मुळीच आली नव्हती. पण घरात तो शब्द उच्चारला गेला होता, आणि नेमकी त्या भीतीवरच दुकानं चालवणारी माणसं असतात.

ओळखीतून एका ‘वैद्यां’चा नंबर आला. बोलणं मधाळ. आईला पहिल्या फोनपासून मावशी म्हणायला लागला. पुड्या घरपोच आल्या: तपकिरी कागद, वर पिन मारलेली, पेनाने फक्त ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहिलेलं. घटकांची नावं नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. काय आहे यात, असं विचारलं तर उत्तर, “घराण्याचं गुपित आहे, सांगता येत नाही.”

सोबत दोन अटी. रक्तदाबाची गोळी बंद करायची, कारण म्हणे तीच किडनी खाते. आणि दुसरी, जिच्यामुळे हे लिहितोय: “मावशी, औषध चालू असेपर्यंत रक्त तपासू नका. मुळापासून घाण निघताना आकडे वर जातात, उगाच घाबराल.”

ही अट फार विचार करून घातलेली असते. किडनीचं दुखणं बोलत नाही. जवळजवळ निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा फारसं हलत नाही, आणि माणसाला त्रास जाणवतो तो त्याहून उशिरा. बिघाड लवकर सांगणारी एकच गोष्ट म्हणजे तपासणी. तीच बंद केली की याला पुड्या विकायला रान मोकळं.

वर आईचे गुडघे दुखायचे थांबले. झोप लागायला लागली. औषध लागू पडलंय असंच सगळ्यांना वाटलं. मग पाय सुजले, तर “पाणी सुटतंय, चांगली खूण आहे.” अन्नावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली, तेव्हा आम्ही तिला सरळ डॉक्टरांकडे नेलं. क्रिएटिनिन ४.३, पोटॅशियम ६.१. पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून तिला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

उरलेल्या पुड्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रयोगशाळेत दिल्या. त्यात डायक्लोफेनॅक निघालं. गुडघ्यांचं दुखणं थांबण्याचं कारण ते! ही वेदनाशामकं किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, अंगात पाणी आणि पोटॅशियम साठवतात, रक्तदाब चढवतात. आधीच थकलेल्या किडनीला याहून वाईट काय द्यायचं? आणि हे ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकलेलं.

भेसळ नसती तरी वनस्पती म्हणजे निर्धोक असं नाही. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी जवळपास त्याच नावाची दुसरी मुळी गेली. ती अ‍ॅरिस्टोलोकिया या किडनीला घातक वनस्पतींच्या कुळातली होती. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या, अनेकींवर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ज्येष्ठमधासारखं घरातलं औषधही जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढवतं.

आयुर्वेदावर माझा राग नाही. शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य घटक लिहून देतो, आधीचे रिपोर्ट बघतो आणि पुढची तपासणी कधी करायची तेही सांगतो. नाव लपवणारा, चालू गोळ्या परस्पर बंद करणारा आणि रक्त तपासू न देणारा माणूस कुठल्याच शास्त्राचा नसतो.

आईचं क्रिएटिनिन आता २.८ वर थांबलंय, १.९ वर परत जाणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पुड्या, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि त्या माणसाचे मेसेज जोडून आम्ही औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर ती आजच थांबवा, पण फेकू नका. कागदासकट डॉक्टरांकडे न्या आणि क्रिएटिनिनबरोबर पोटॅशियमही तपासून घ्या.