हत्तीरोग-जंतांच्या फुकट गोळ्यांची सर्विस, कोविडमध्ये कशी चालली : रिव्ह्यू

आधीच सांगतो, माल टॉप आहे, लोचा डिलिव्हरीत आहे.

हत्तीरोग, जंत, खुपऱ्या, रिव्हर ब्लाइंडनेस (माशी चावून पसरणारा, डोळे घालवणारा जंताचा आजार) असल्या आजारांसाठी सगळ्या गावाला एकदम गोळ्या खाऊ घालतात ना, एमडीए म्हणतात ती, तिच्याबद्दल लिहितोय. औषधं बहुतेक दानाची. मर्क ही औषध कंपनी 1987 पासून रिव्हर ब्लाइंडनेससाठी आयव्हरमेक्टिन फुकट देतेय, अल्बेंडाझोल ही दुसरी गोळी जीएसके कंपनी देते. डोस पण सोपा, उंची मोजायची काठी लावायची, जेवढी उंची तेवढ्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, आणि गोळी हातात देऊन निघून जायचं नाही, समोर गिळायला लावायची. पाच स्टार इथेच दिले असते.

पण मग 2020 आलं. 1 एप्रिलला डब्ल्यूएचओनेच सांगितलं की गोळ्यावाटप, सर्व्हे, घरोघरी पेशंट शोधणं सगळं पुढे ढकला. त्यावेळी दुसरं काय सांगणार होते, दारोदार फिरणाऱ्या टीमनेच कोविड वाटला असता तर लोकांनी पुढच्या वर्षी दार उघडलं नसतं. जुलैमध्ये परत सुरू कसं करायचं याची गाइडलाईन आली, पण तोपर्यंत शाळा बंद, आणि जंताच्या गोळ्यांचं अर्धं काम शाळेतच होतं. रात्रीची संचारबंदी असली की हत्तीरोगाचे रक्तनमुने कोण घेणार, ते जंतू बऱ्याच भागात रात्रीच रक्तात सापडतात. 2019 ला जगात जवळपास 120 कोटी लोकांवर उपचार झाले होते, 2020 ला तो आकडा 80 कोटींच्या आसपास आला, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गिऱ्हाईक एका वर्षात गायब.

एक वर्ष गोळी चुकली तर काय एवढं, असं वाटतं. रिव्हर ब्लाइंडनेसचंच बघा, गोळी मोठ्या जंताला मारत नाही, त्याची पिल्लं मारते, आणि मोठा जंत शरीरात दहा-पंधरा वर्षं ठाण मांडून असतो, राऊंड चुकला की कातडीत परत पिल्लं भरतात आणि चावणारी माशी ती उचलून दुसऱ्याला देते. हत्तीरोगाला नेहमीच्या पद्धतीत निदान पाच वार्षिक राऊंड लागतात, तेही प्रत्येक वेळी 65 टक्के लोकांनी खरंच गिळली तर. आणि गोळ्यांना एक्सपायरी असते हो! मोहीम पुढे ढकलता येते, पाकिटावरची तारीख नाही.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आकडे. कुष्ठरोगाचे नवे पेशंट 2019 ला जगात 2 लाखांच्या वर होते, 2020 ला 1 लाख 27 हजारांच्या आसपास. कागदावर बघितलं तर पेढे वाटावेत असं. एका वर्षात आजार एवढा पळून जात नसतो, शोधणारेच घरी बसले होते आणि न सापडलेला पेशंट बोटं वाकडी होईपर्यंत थांबला. ज्या रिपोर्टमध्ये हे शेजारी लिहिलेलं नसतं त्याचा एक स्टार कापावा.

हिवतापवाल्यांचं मात्र कौतुक. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला मृत्यू दुप्पट होतील अशी भीती मॉडेलमध्ये दाखवली होती, तेवढं झालं नाही कारण मच्छरदाण्यांचं वाटप बऱ्याच ठिकाणी थांबवलंच नाही, बेनिनमध्ये तर लोकांची गर्दी न करता मच्छरदाण्या घरपोच दिल्या. तरी 2020 चा जो डब्ल्यूएचओचा अंदाज आला त्यात 6 लाख 27 हजार मृत्यू होते, आदल्या वर्षापेक्षा साधारण 69 हजार जास्त, आणि त्यातले दोन तृतीयांश सेवा विस्कळीत झाल्यामुळे.

आणि नारू, तो कातडीतून लांब जंत बाहेर येणारा आजार! त्याचे माणसातले पेशंट 2019 ला 54, 2020 ला 27. इथे पण शोध कमी पडला असेल ही शंका मला आली, पण नारूवर नजर ठेवणारे गावातलेच स्वयंसेवक असतात, त्यांना लॉकडाऊनमध्ये बाहेरून गाडी यायची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे या आकड्यावर मी कुष्ठरोगाच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. माझ्या मते सगळ्या सर्विसचा फरक इथेच पडला, जिथे काम गावातल्या माणसाच्या हातात होतं तिथे ते चालू राहिलं, जिथे शहरातून जीप, भत्ता, ट्रेनिंग आणि बॅनर यायचे तिथे पहिल्याच आठवड्यात शटर डाऊन.

परत सुरू झाल्यावरचे बदल मला आवडले. गोळी हाताने नाही चमच्याने, पाण्याचा ग्लास ज्याचा त्याने आणायचा, उंची लांबूनच बघायची. हे आधीपासूनच असायला काय हरकत होती?

फंडिंगला मात्र एकच स्टार, तोही जड हाताने. राऊंड भरून काढायची वेळ आली नेमकी तेव्हा 2021 मध्ये ब्रिटनने मदतीत कपात केली आणि याच आजारांसाठीचा त्यांचा असेंड नावाचा कार्यक्रम मुदतीआधीच गुंडाळला, त्याच जानेवारीत 2030 पर्यंत 100 देशांतून निदान एक तरी असा आजार घालवायचा रोडमॅप थाटामाटात जाहीर झाला होता.

एकूण साडेतीन. अर्धा स्टार नारूवाल्या स्वयंसेवकांमुळे वाढवलाय, नाहीतर तीनच होते.