बिलावर ‘ब्रेक क्लीनिंग’, आत पिन कोरड्याच

सर्व्हिसच्या बिलावर ‘ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग’ अशी एक ओळ असते. बऱ्याच ठिकाणी तिचा अर्थ इतकाच: चाक काढलं, कॅलिपरवर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर) स्प्रे मारला, पॅड पॉलिश पेपरवर घासले, चाक परत चढवलं. पुढचे पॅड १५ हजार किलोमीटरमध्येच संपत असतील, तर या कामाला पाचपैकी एक तारासुद्धा जास्तच.

छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला बहुधा एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकत बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन कोरड्या पडल्या की सरकणं थांबतं आणि पॅड डिस्कला घासत राहतो. म्हणून जुने पॅड भंगारात जायच्या आधी हातात घेऊन बघावेत. आतला २ मिमी आणि बाहेरचा ७ मिमी उरला असेल, तर पिन किंवा पिस्टन जाम आहे. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर बहुधा एकच पिन अडकली आहे. चारही पॅड सारखेच झिजले असतील तर मिस्त्रीकडे बोट दाखवू नये, दोष बहुधा चालवण्यात आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे बोरघाटात रोज कितीतरी जण विसरतात. (एएमटीवाल्यांनो, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीवाल्यांनो, मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय.)

पैसे वसूल होतील असं काम वेगळं दिसतं. दोन्ही पिन पूर्ण बाहेर निघतात, जुनं ग्रीस पुसलं जातं, पिनेवरचा रबरी बूट (आवरण) फाटलाय का ते बघितलं जातं आणि सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ थर लागतो. इथे साधं पिवळं ग्रीस लावणारं गॅरेज लगेच सोडावं. त्याने रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते. काही गाड्यांत एका पिनेला रबरी बुश असतो, त्या दोन पिनांची अदलाबदल चालत नाही. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज वायर ब्रशने खरवडून काढावा लागतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत हा गंजच पॅड आवळून धरतो, आणि स्प्रेने तो हलत नाही.

यानंतरही एकच चाक तापत असेल, तर एक चाचणी करायला सांगा. गाडी जॅकवर घ्यायची, खाली स्टँड लावायचा, ब्रेक दाबून सोडायचा आणि चाक हाताने फिरवायचं. थोडं घासणं चालतं. जाम असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) जरा सैल करायचा. ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. एकाच चाकाला असेल तर बहुतेक वेळा होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) आतून फुगलेला असतो. तरीही जाम राहिलं तर दोष पिस्टन किंवा पिनेत. ही पाच मिनिटांची चाचणी न करता कॅलिपर ‘असेंब्ली’ बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नये. निपल उघडला म्हणजे एअर काढणं आणि ऑइलची पातळी बघणं आलंच.

मागचे ड्रमही यात धरा. ड्रमच्या आत घासणाऱ्या लायनरचं ॲडजस्टमेंट सैल असेल तर जादा भार पुढच्या पॅडवर येतो. हे काम पॅकेजमध्ये सहसा नसतं, वेगळं सांगावं लागतं.

डिस्क लेथवर फिरवून घेण्याचा सल्ला मिळाला, तर आधी किमान जाडी वाचा. बहुतेक डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर (मधल्या उंच भागावर) ती कोरलेली असते. टर्निंगनंतर माप त्याखाली जाणार असेल तर ते पैसे पाण्यात. नवे पॅड ३ मिमीपर्यंत चालवा, त्याखाली नको. आणि बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळू ब्रेक मारा, मध्ये थोडं थंड होऊ देत.

काम टाकताना दोनच अटी घाला: पिन समोर काढायच्या, आणि जुने चारही पॅड आत-बाहेर, डावा-उजवा अशा खुणा करून परत द्यायचे. कटकट वाटली तरी चालेल.