गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर नेसलेल्या साड्या, झिपचे कुर्ते आणि बाकी पेहराव : वापरानंतरचा अनुभव

पहिल्या गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मुलगी आठ महिन्यांची होईपर्यंत मी जे कपडे, चपला आणि दागिने प्रत्यक्ष वापरले, त्यांविषयीचा हा अनुभव आहे. मी पुण्यातील एका महाविद्यालयात शिकवते. हातमागाच्या सुती साड्या, खणाचे ब्लाऊज, झुमके आणि ठसठशीत टिकली हा माझा कित्येक वर्षांचा वेश आहे आणि ‘आता वर्षभर गाऊनच बरा’ या प्रेमळ सल्ल्यापायी तो सोडण्याची माझी तयारी नव्हती. ‘मॅटर्निटी’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी निम्मे तरी माझ्या फारसे उपयोगी पडले नाहीत. आमच्या टेलरकाकांना दिलेले पैसे मात्र पुरेपूर वसूल झाले.

साडी या काळात अवघड जाते, हा समज निदान सुती साडीपुरता तरी मला पटला नाही. पोट वाढते तशी साडी समोरून वर उचलली जाते आणि मागून लोळू लागते, हे खरे आहे. त्यावर उपाय असा की परकर पोटाच्या वर न बांधता पोटाखाली बांधावा, समोरून साडी नेहमीपेक्षा दोन बोटे खाली खोचावी आणि सातऐवजी पाचच निऱ्या घालाव्यात. नाडीचा परकर सहाव्या महिन्यापासून मला कमरेवर वळ उठेपर्यंत काचू लागला, म्हणून रुंद इलॅस्टिकचे सुती परकर शिवून घेतले. पोटापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारे तयार साडी-शेपवेअरही मी आणले होते. ते दिसायला सुबक असले तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये दिवसभर घालून वर्गात उभे राहणे शक्य नव्हते, आणि दर तासाला स्वच्छतागृह गाठावे लागणाऱ्या बाईने ते घालावे असे ज्याला सुचले त्याची मला गंमत वाटते.

साड्यांमध्ये मलमल आणि जुनी, धुऊन मऊ झालेली इरकल सर्वांत सुखाची ठरली. डोहाळेजेवणासाठी घरी पैठणीचा आग्रह होता, पण फुलांच्या वाडीचे वजन, ओटी आणि दोन-अडीच तासांचे बसणे लक्षात घेऊन मी हिरवी माहेश्वरी नेसले. रेशीम आणि सूत दोन्ही असल्यामुळे ती फोटोत उठून दिसते, अंगाला मात्र हलकी लागते. सासूबाईंनी तेवढ्यावर समाधान मानले आणि पैठणी बारशाला नेसायचे माझ्याकडून कबूल करून घेतले.

खरा प्रश्न ब्लाऊजचा असतो. पोटाच्या आधी छाती आणि दंड भरतात, त्यामुळे साडी सहा वार तीच राहिली तरी ब्लाऊज चौथ्या-पाचव्या महिन्यातच बगलेत आवळू लागतो. ज्या ब्लाऊजना दोन्ही बाजूंना इंचभर माया (शिवणीच्या आत ठेवलेले जादा कापड) होती, ते काकांनी उसवून सैल करून दिले आणि ते थेट बाळंतपणापर्यंत चालले. खणाचे ब्लाऊज मात्र अडले, कारण खणाचे कापड अजिबात ताणत नाही आणि त्याचा पन्हा (रुंदी) लहान असल्यामुळे शिंपी बहुधा त्यात माया ठेवू शकत नाही. एका ब्लाऊजला काकांनी बगलेखाली गडद रंगाच्या सुती कापडाची कळी जोडली. पदराखाली ती दिसत नाही आणि हात वर करतानाही ओढ बसत नाही. ज्या मैत्रिणी आत्ता नवे ब्लाऊज शिवायला टाकत असतील, त्यांनी कटोरीऐवजी (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडण्याऐवजी) साधे टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणी, घ्याव्यात, कारण कटोरीचा आकार एका मापाला पक्का असतो आणि तो नंतर सैल करता येत नाही.

दूध पाजण्याच्या दृष्टीने पुढे हूक असलेला साधा ब्लाऊज सर्व ‘फीडिंग’ कपड्यांना भारी पडतो, पण त्यात एक अडचण आहे. एका हातात रडणारे बाळ असताना दुसऱ्या हाताने चार हूक काढणे जमत नाही. टिचबटणे एका झटक्यात निघतात, म्हणून मी आधी सगळी टिचबटणेच लावून घेतली. रजा संपून वर्गात परतल्यावर फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की ती आपोआप सुटू लागली. शेवटी काकांनी जी हुकपट्टी बसवली ती अशी : वर दोन हूक, मध्ये दोन टिचबटणे आणि अगदी खाली एक मोठा हूक. खालचा हूक अंगठ्याने सरकवला की मधली बटणे ओढीने निघतात, वरचे दोन तसेच राहतात आणि ब्लाऊज खांद्यावरून घसरत नाही. डाव्या बाजूला पदराची आडोशाची सोय आपसूकच होते; उजव्या बाजूला पाजताना पदर पाठीमागून फिरवून उजव्या खांद्यावर घ्यावा. वेगळे ‘नर्सिंग कव्हर’ मी एकदाच वापरले. आतमध्ये बाळाला घाम आला आणि तिने लाथा मारून ते भिरकावले.

झिपच्या कुर्त्यांविषयी माझे मत संमिश्र आहे. छातीवरच्या दोन उभ्या शिवणींत लपवलेल्या झिप असलेले हे कुर्ते प्रवासात खरोखर सोयीचे आहेत. तीन कुर्त्यांपैकी दोन आजही वापरात आहेत. तिसऱ्याच्या झिपचे खालचे टोक आतून उघडे होते. बसले की ते बरगडीला टोचे आणि बाळाच्या गालावरही त्याची लाल रेघ उमटे. म्हणून दुकानात झिपच्या दोन्ही टोकांवर कापडाची पट्टी शिवलेली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. छापील, बारीक नक्षीचे कुर्ते एकरंगी कुर्त्यांपेक्षा सरस, कारण दुधाचे डाग त्यांवर दिसत नाहीत. डाग पडलाच तर गरम पाणी वापरू नये. त्याने दुधातील प्रथिने कापडात पक्की बसतात. गार पाण्यात लगेच बुडवलेली माझी एकही साडी खराब झालेली नाही. पोटावर ताणणारी पट्टी असलेली जीन्स मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, निदान आपल्या उन्हाळ्यात तरी.

पायांकडे बहुतेकजणी उशिरा लक्ष देतात. शेवटच्या तीन महिन्यांत पाय सुजतात आणि सांधे सैल पडल्यामुळे तोलही पूर्वीसारखा राहत नाही. गुळगुळीत तळाच्या कोल्हापुरी मी त्या काळात बाजूला ठेवल्या आणि मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या सपाट चामडी चपला घेतल्या. साडीवर त्या मुळीच विजोड दिसत नाहीत. अंगठ्या सातव्या महिन्याच्या सुरुवातीलाच काढून ठेवाव्यात. बोट सुजल्यावर त्या साबण लावूनही निघत नाहीत आणि प्रसूतीच्या वेळी, विशेषतः शस्त्रक्रिया झाल्यास, त्या काढायला सांगतातच. नखांचे रंगकाम प्रसूतीच्या आठवड्यात टाळावे, कारण रक्तातील प्राणवायू मोजण्याचा चिमटा नखावर लावतात.

बाळंतपणानंतर माझ्या पेहरावात सर्वांत मोठा बदल दागिन्यांत झाला. झुमके चौथ्या महिन्यात मुलीने पहिल्यांदा ओढले, त्याच दिवशी त्यांची जागा मोत्याच्या कुड्यांनी घेतली. मंगळसूत्रातील काळे मणी सुटून बाळाच्या तोंडात जाऊ शकतात, म्हणून मी सोन्याच्या साखळीतले, फक्त वाट्या असलेले आखूड मंगळसूत्र घालते. काचेच्या बांगड्यांऐवजी गोल, गुळगुळीत पाटली. चिकटवायच्या टिकलीचे तर काय सांगावे. ती आधी माझ्या कपाळावरून बाळाच्या केसांत आणि तिथून तिच्या मुठीत जाते. आता मी मेणावर कुंकू लावते, जे आजी लावत असे आणि जे मला पूर्वी अगदीच जुनाट वाटत असे. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये असे बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. घरातील मोठ्यांची हौस पायाच्या तळव्यावरच्या तिटेवर भागली. प्रसूतीनंतर तीनेक महिन्यांनी केस गळू लागतात, ते बहुतेकींचे गळतात. लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती करकचून गुंडाळले जाऊ शकतात, त्यामुळे आंघोळीनंतर बोटांची फट अन् फट पाहण्याची सवय लावावी. मी केस खांद्यापर्यंत कापले आणि सुती साडीवर ते मला पूर्वीच्या शेपट्यापेक्षा अधिक शोभतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

बाळासाठी जन्माआधी फार खरेदी करू नये, अशी आमच्या घरची रीत आहे. त्यामुळे आईने माझ्याच जुन्या मलमलच्या साड्या फाडून लंगोट, दुपटी आणि समोर बांधायचे बंद असलेली झबली शिवली. बाजारच्या झबल्यांपैकी डोक्यातून घालायची झबली पहिल्या दोन महिन्यांत पडून राहिली, कारण नवजात बाळाची मान धरून ती घालणे आमच्यापैकी कोणालाच जमेना. बारशासाठी ब्लाऊजच्या उरलेल्या खणाची कुंची शिवली. खण आतून खरखरीत असतो, म्हणून तिला पूर्ण मलमलचे अस्तर दिले आणि सासूबाईंच्या मनातली मोत्यांची झालर कडेला टाचू न देता फक्त पाठीवर, बाळाच्या हाताला लागणार नाही अशी, दुहेरी टीप मारून बसवली. माझी पैठणी आणि तिची कुंची यांचा रंग जुळावा, याची दक्षता मी घेतली होती हे लपवण्यात अर्थ नाही.

खरेदीच्या वेळेविषयी एक सूचना करावीशी वाटते. प्रसूती लाभ कायद्यातील सन 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते आणि त्यातील जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे नोकरदार बाईला पोट सर्वाधिक मोठे असण्याच्या काळात बाहेर जाण्याचे कपडे फार थोडे लागतात. खरी गरज रजेनंतर पडते, जेव्हा माप पूर्वीचे नसते आणि बाळ अंगावर पीत असते. ‘नर्सिंग’ अंतर्वस्त्रे तर आठव्या महिन्यात दोनच घ्यावीत आणि उरलेली दूध नीट उतरल्यावर, नवे माप घेऊन आणावीत. ब्लाऊजही तेव्हाच शिवायला टाकावेत. काकांकडे सध्या माझे चार पडले आहेत आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दीड इंच माया सांगितली आहे.