अर्धशिशी आणि मुलं: काळा गॉगल की गुलाबी काच?

डोकं दुखायला लागायच्या आधीच माझी लेक ट्यूबलाइटकडे पाठ करून बसते, भुवयांवर तळहाताचा आडोसा धरते. बघवत नाही. म्हणून आधी काळा गॉगल आणला. उन्हात तो उत्तमच, वर टोपी असली की झालं. पण घरात किंवा वर्गात तो दिवसभर लावू देऊ नका. डोळ्यांना अंधाराची सवय लागते, आणि मग साधा उजेडही जास्त खुपतो.

एफएल-४१ ही गुलाबीसर काच वेगळी. ती सगळाच उजेड मंद करत नाही. मुख्यतः ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा भाग अडवते, आणि अर्धशिशीत बहुधा तोच जास्त टोचतो. इंग्लंडमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही काच चार महिने वापरणाऱ्या मुलांचे झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले. अभ्यास छोटा, पण खास मुलांवरचा, म्हणून मला मोलाचा वाटतो. दुकानात मिळणारं ‘ब्लू कट’ कोटिंग म्हणजे ही काच नव्हे, एवढं नक्की विचारून घ्या.

आमच्याकडे आता वर्गात गुलाबी, उन्हात काळा. डॉक्टरांचं औषध, वेळेवर जेवण आणि झोप मात्र तशीच चालू आहे.