सोलचा कंदील महोत्सव: ओढ्याकाठून बघावा की पुलावरून?

दक्षिण कोरियातल्या सोलला निघालेल्या मैत्रिणीनं विचारलं, “आईचे गुडघे दुखतात, तिला खाली उतरवू का?” कंदील मांडतात तो छंग्ग्येछन ओढा रस्त्यापेक्षा बराच खाली वाहतो, वरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये तो मोकळा केला. महोत्सव २००९ पासूनचा, बघायला पैसे लागत नाहीत. प्रश्न पायांचा आणि थंडीचा.

काठानं चालताना कंदिलांच्या हानजी या पारंपरिक कोरियन कागदाचे जोड दिसतात, आतल्या तारेची सावली दिसते. पाण्यात थरथरणारा उजेड तर खालूनच बघावा! पण गर्दी पुढं ढकलते, बहुतेक ठिकाणी पायऱ्या आहेत.

पुलावरून बारकावे हरवतात, वारा झोंबतो. पण कुडकुडायला लागलं की लगेच कॅफेत शिरता येतं.

फोटो काढायचे असतील, मुलं सोबत असतील तर खाली. आईसाठी पूलच, अंधार पडल्या पडल्या.